जोतं वर, पत्रा खाली



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर एक जादा रकाना असायचा. नाव, वय, तक्रार यांच्या खाली ते पेनानं रेघ मारून विचारायचे, घराला छप्पर कशाचं? पत्रा, सिमेंटचा पत्रा, कौलं की स्लॅब? चक्कर येते म्हणून आलेल्या बाईला हा प्रश्न कशाला, असं नव्या माणसाला वाटायचं. डॉक्टरांचं म्हणणं असं की, ही बाई दुपारी बारा ते पाच कशाखाली बसते ते कळल्याशिवाय तिच्या रक्तदाबाचा मला अर्थ लागत नाही.

आजचा विषय हवामान बदल आणि शहरातली दुबळी माणसं. मी तो मुंबईपुरता ठेवणार आहे, कारण माझं काम इथल्या वस्त्यांत झालं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचं काम या शहरातल्या गरिबांनी केव्हाच सुरू केलंय. त्यासाठी ते खिशातून पैसे घालतात, रोजगार बुडवतात, अंगावर काढतात. शहराच्या कुठल्याही हिशोबात हा खर्च दिसत नाही. हा खर्च शहरानं उचलावा, आणि उचलताना कोण पात्र, कोण अपात्र हा प्रश्न मध्ये आणू नये, एवढंच मला आज मांडायचंय.

२०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्यातली ४२ टक्क्यांच्या आसपास माणसं झोपडपट्टीत राहत होती. म्हणजे पन्नास लाखांहून अधिक. या आकड्याला ‘दुबळा घटक’ म्हणणं मला जड जातं. हे जवळजवळ अर्धं शहर आहे.

या अर्ध्या शहराचं तापमान कुठं मोजतात? कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळेत तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, मोकळ्या जागेत, सावलीत ठेवलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, हवेचं तापमान असंच मोजायला हवं. किनाऱ्यावरच्या ठिकाणी कमाल तापमान ३७ अंशांवर गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, तर हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. पण गोवंडीच्या बैंगनवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत झडपांची पेटी नसते. तिथं डोक्यावर पत्रा असतो, तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असतात, आणि चौथ्या बाजूच्या दारासमोर हातभर रुंदीची गल्ली. बाहेर ३४ अंश असतानाही आत अंगाची लाही होते. त्यात मुंबईची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अशा उकाड्यात शरीराला थंड होण्याचा दुसरा रस्ता जवळजवळ उरत नाही. लाट जाहीर व्हायची तेव्हा होते, पत्र्याखाली ती मार्चपासून मुक्कामाला असते.

अशा एका खोलीत मे महिन्यातल्या दुपारी मी बराच वेळ बसलो होतो. घरातली बाई धागा कटिंगचं काम करते. तयार कपड्यांचे गठ्ठे कारखान्यातून येतात, त्यांचे लोंबते धागे कातरायचे, नगावर पैसे. पत्र्याच्या आतून तिनं थर्माकोलच्या पाट्या चिकटवल्या होत्या, त्याखाली जुनी चादर ताणून बांधली होती. पत्र्यावर बाहेरून ओली पोती टाकलेली, ती अर्ध्या तासात कडकडीत वाळायची. पंखा चालू होता आणि वरची तापलेली हवा खाली आणून सोडत होता. बाई गठ्ठा घेऊन मोरीत बसली होती, कारण मोरीची फरशी ओली असते. कपड्याला पाण्याचा डाग लागला तर त्या नगाचे पैसे कापतात, म्हणून मांडीवर प्लास्टिक अंथरून ती कातरत होती. मुलं शेजारच्या पक्क्या इमारतीच्या जिन्यात अभ्यासाला पाठवली होती, तिथला रखवालदार हाकलेपर्यंत. थर्माकोल, चादर, पोती, प्लास्टिक, पंख्याचं वाढलेलं वीजबिल आणि कमी झालेले नग. हवामानाशी जुळवून घेणं म्हणजे काय ते त्या खोलीत सगळं होतं, आणि त्यातला प्रत्येक पैसा त्या बाईचा होता.

आता याच खोलीची दुसरी बाजू बघा. पावसाळ्यात गल्लीत पाणी तुंबतं. दर काही वर्षांनी गल्लीचं काँक्रिटीकरण होतं, बहुतेक वेळा जुना थर न काढता त्यावरच नवा थर पडतो. गल्ली वर चढते आणि घर खाली जातं. पाणी घरात येऊ नये म्हणून माणसं आतली जमीन भरून घेतात. डेब्रिज टाकायचं, कोबा करायचा, वर लाद्या बसवायच्या. जोतं वीतभर वर येतं. पुन्हा गल्ली चढते, पुन्हा जोतं. मग छप्परही उचलायला नको का? पण वस्तीतल्या झोपडीला १४ फुटांची मर्यादा आहे. त्याहून उंच गेलं की नोटीस येते आणि तोडकामही होतं. जमीन वर येते, पत्रा तिथंच राहतो, आणि मधल्या माणसाची हवा कमी होते. पोटमाळ्यावर तर झोपलेल्याच्या नाकापासून पत्रा दोन हातांवर. पुरापासून वाचण्याची धडपड त्याच घराला उन्हात आणखी तापवते. पाण्याचं खातं वेगळं, रस्त्याचं वेगळं, बांधकामाचं वेगळं, आरोग्याचं वेगळं. ही चारही खाती त्या एका खोलीत एकत्र येतात आणि चौघांना त्याची खबर नसते. शहराच्या हवामान आराखड्यांबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. ते धोका विषयवार मांडतात, उष्णता एका प्रकरणात आणि पूर दुसऱ्या प्रकरणात. माणसाच्या घरात हे दोन्ही एकमेकांना वाढवत राहतात.

मग ही माणसं चांगलं छप्पर का घालत नाहीत, असं कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. एक तर पुष्कळ ठिकाणी राहणारा भाडेकरू असतो. घरमालक दुसरीकडे राहतो, त्याला पत्र्याचा ताप होत नाही. आणि जिथं घर स्वतःचं आहे तिथं ते उद्या असेल याची खात्री नसते. १९७६च्या झोपडपट्टी गणनेत फोटोपास मिळाले. पुढं पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, नंतर १ जानेवारी २०००, नंतर सशुल्क पुनर्वसनासाठी २०११. एकाच गल्लीत एक घर पात्र, दुसरं अपात्र, तिसऱ्याचं प्रकरण अपिलात. जे घर उद्या तुटू शकतं त्यावर कर्ज काढून कोण चांगलं छप्पर घालील? कागद हा या वस्त्यांत सगळ्यात मोलाचा ऐवज आहे. मिठी नदीच्या काठच्या घरांत तुम्ही गेलात तर सगळ्यात उंच खिळ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली दिसेल. त्यात रेशनकार्ड, आधार, वीजबिलं, फोटोपास. दागिना असलाच तर तो खालच्या ट्रंकेत असेल, कागद वर. २६ जुलैनं शिकवलेला हा धडा आहे.

त्या २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर. एकाच शहरात एवढा फरक. शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं, तीही ओहोटी धरून, बांधलेली होती. ती दुप्पट क्षमतेची करण्याचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून तयार होता, त्याला वेग आला तो या प्रलयानंतर. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध अशी उदंचन केंद्रं झाली. ती आवश्यकच होती. भरतीच्या वेळी समुद्राची दारं बंद करून पाणी उपसून फेकण्यावाचून या शहराला गत्यंतर नाही. पण पंप मोठ्या नाल्यातलं पाणी ओढतो. वस्तीतलं पाणी त्या नाल्यापर्यंत पोचायला मध्ये दीड फुटांचं गटार असतं, आणि त्या गटाराची सफाई नालेसफाईच्या आकड्यांत धरलेलीच नसते.

कुर्ल्याच्या क्रांतीनगरमध्ये मिठीची पातळी वाढली की भोंगा होतो आणि लोकांना जवळच्या पालिका शाळेत हलवतात. ही व्यवस्था चांगली आहे, तिनं जीव वाचतात. तरी प्रत्येक घरातला एक माणूस मागं राहतो, बहुधा बाप्या किंवा म्हातारी. चोरीची भीती असतेच. त्याहून मोठी भीती अशी की घर रिकामं दिसलं तर परत आल्यावर ते उभं असेल का. आपत्ती व्यवस्थापनाच्या कागदावर याला ‘नागरिकांचं असहकार्य’ म्हणतात. मी म्हणेन, त्या म्हातारीला तिच्या घराचा कागद द्या, ती सगळ्यात आधी शाळेत जाऊन बसेल.

पाणी ओसरल्यावर जे सुरू होतं त्याबद्दल थोडक्यात सांगतो. २००५च्या ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसच्या साथीनं बरेच बळी घेतले. पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला बहात्तर तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन मिळाली तर धोका पुष्कळ कमी होतो, आणि ती स्वस्त गोळी आहे. पालिकेचे ‘आपला दवाखाना’ आता पुष्कळ वस्त्यांत आहेत. पण त्या तीन दिवसांत नाक्यावरचा कामगार दवाखान्यात जात नाही, कारण त्याला आधीच्या पावसात झालेले खाडे भरून काढायचे असतात. गोळी गल्लीत गेली पाहिजे, आणि ती नेणारी आरोग्य सेविका आजही मानधनावर आहे. तिच्या कामाच्या यादीत उष्णतेचं आणि पुराचं काम वाढवायचं असेल तर आधी तिच्या मानधनाचं बघा.

आता अहमदाबादकडे वळतो, कारण भारतातल्या शहरांत उष्णतेच्या आराखड्यांची सुरुवात तिथं झाली. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात, इतर वर्षांशी ताडून पाहिलं तर, १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. तेव्हा मात्र ते कुणाच्या नजरेत आले नव्हते. उष्माघात म्हणून नोंदले गेलेले थोडेच होते, बाकीच्यांच्या दाखल्यावर हृदयविकार, मूत्रपिंड, ‘अचानक मृत्यू’. डॉ. दिलीप मावळणकर आणि गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढून रोजची बेरीज केली, तेव्हा तो डोंगर दिसला. २०१३ मध्ये अहमदाबादनं उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातल्या शहरांतला पहिला. अंदाज आला की रंगाचा इशारा, दवाखान्यांत बर्फ आणि सलाईन तयार, बागा दुपारी उघड्या, पाण्याची ठिकाणं वाढवलेली. या आराखड्यामुळे वर्षाला हजाराहून अधिक मृत्यू टळले असावेत, असा अंदाज संशोधकांनी पुढं मांडला.

त्या साऱ्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती शारदाबेन रुग्णालयातली गोष्ट. तिथला बाळंतिणींचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, तापलेल्या गच्चीखाली. उन्हाळ्यात नवजात बाळं तापानं फणफणून अतिदक्षता विभागात यायची. कुणाच्या तरी लक्षात आलं की बाळांना संसर्ग झालेला नाही, छप्पर तापलंय. विभाग खालच्या मजल्यावर हलवला आणि अशी बाळं येणं लक्षणीय कमी झालं. यंत्र नाही, औषध नाही, खाटा खाली आणल्या. मुंबईतल्या किती प्रसूतिगृहांत, किती अंगणवाड्यांत कुणी छताकडे बघितलंय?

अहमदाबादच्या मागोमाग नागपूरनं उष्णतेचा आराखडा केला, इतर शहरांनी, राज्यांनी केला. २०२३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चनं अठरा राज्यांतले असे ३७ आराखडे तपासले. त्यातल्या फक्त दोन आराखड्यांत धोक्यातली माणसं कोण आणि कुठं आहेत, याची पाहणी केलेली होती. बाकीच्यांत ‘वृद्ध, बालकं, गरोदर स्त्रिया, बाहेर काम करणारे’ अशी ठरलेली ओळ. ती ओळ कुठल्याही शहराला चालते, म्हणून ती कुठल्याच गल्लीत पोचत नाही. त्याच वर्षी १६ एप्रिलला खारघरला महाराष्ट्रभूषण सोहळ्यात भर दुपारी उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघातानं गेले. ती श्रद्धेनं आलेली, साधी, कष्टकरी माणसं होती. त्या दिवशी पारा विक्रमी नव्हता. सावली नव्हती, वेळ चुकीची होती आणि आजूबाजूला लाखोंची गर्दी. मृत्यू कुठून येतो ते यावरून समजायला हवं होतं.

उष्णतेबद्दल सगळे एकच सल्ला देतात, भरपूर पाणी प्या. फुटपाथवर भाजी विकणारी बाई हा सल्ला पाळू शकत नाही. ती सकाळी घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप घेते. नऊ-दहा तास जाण्यासारखं स्वच्छतागृह जवळ नाही. असलं तर पैसे लागतात, आणि पाटी कोण सांभाळणार? म्हणून ती पितच नाही. तिला लघवीला जळजळ होते, चक्कर येते, हे ती वयावर ढकलते. मुंबईतल्या संघटनांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम उभी केली, तेव्हा पुष्कळांनी नाक मुरडलं होतं. माझ्या मते ती या शहरातली उष्णतेविरुद्धची पहिली मोहीम होती. बाजारपेठेत बायकांसाठी मोफत, उजेडाचं, पाणी असलेलं स्वच्छतागृह बांधणं हे हवामानाचं काम आहे. त्यासाठी हवामान निधीतून पैसे मागायला संकोच वाटायचं कारण नाही.

आणि घरचं पाणी? वर्षानुवर्षं पालिकेचा नियम असा होता की ठरलेल्या तारखेनंतरच्या झोपडीला नळजोडणी नाही. पाणी हक्क समिती न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, जगण्याच्या हक्कात पाणी येतं. पुढं धोरण झालं, २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ आलं. तरी आजही टँकर, ड्रम आणि दुसऱ्याच्या नळावरून विकत घेतलेला हंडा चालूच आहे. मला या निकालात फार मोठी गोष्ट दिसते. पाण्याच्या बाबतीत पात्र-अपात्रची रेघ न्यायालयानं पुसली. तसंच सावलीच्या बाबतीत, इशाऱ्याच्या बाबतीत, दरडीपासून वाचवण्याच्या बाबतीत का होऊ नये?

दरडीचं नाव निघालं म्हणून सांगतो. १२ जुलै २०००, घाटकोपरचं आझादनगर, साठहून अधिक माणसं. २ जुलै २०१९, मालाडला जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली, तीसच्या आसपास. त्यातले पुष्कळ जण वनजमिनीवरून पुनर्वसन होण्याची वाट बघत होते. १८ जुलै २०२१, चेंबूरचं भारतनगर आणि विक्रोळीचं सूर्यनगर, एका रात्रीत पुन्हा तेवढेच. डोंगरउतारावरच्या धोक्याच्या तीनशेहून अधिक जागांची यादी सरकारदरबारी वर्षानुवर्षं पडून आहे. पावसाळ्याआधी घरांवर नोटीस लागते, धोका आहे, स्थलांतर करा. कुठं करा ते त्यात नसतं. नोटीस लावली की जबाबदारी संपली, असं जर प्रशासनाला वाटत असेल तर त्याला संरक्षण म्हणता येणार नाही.

पण हलवणं हासुद्धा सरळ उपाय नाही, आणि इथं मला आपल्यासारख्या सहानुभूती असलेल्या माणसांशीच वाद घालायचा आहे. ‘त्यांना तिथून उचला आणि चांगल्या इमारतीत ठेवा’ असं आपण पटकन बोलतो. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं माहुलला पाठवली, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथली हवा माणसाच्या आरोग्याला धोका आहे असं हरित लवादानं २०१५ मध्ये म्हटलं होतं. माणसं आजारी पडली, लढली, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना इतरत्र राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडं देण्याचा आदेश दिला. गोवंडी-मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडच्या पुनर्वसन इमारती बघा. दोन इमारतींत अंतर इतकं कमी की खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचतं ना वारा. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासात या रचनेचा आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध दिसून आला. डोक्यावरचा पत्रा गेला आणि छातीत क्षय आला, हे जुळवून घेणं नव्हे.

शिवाय हलवताना शेजार तुटतो. शिकागोला जुलै १९९५च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं गेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायननबर्ग यांनी नंतर शोधलं की शेजारशेजारच्या, सारख्याच गरीब दोन वस्त्यांपैकी एकीत मृत्यू कितीतरी जास्त का झाले. जिथं दुकानं बंद पडली होती, रस्ते ओस होते, म्हातारी माणसं दार लावून एकटी होती, तिथं ती तशीच गेली. जिथं रस्त्यावर वर्दळ होती तिथं कुणीतरी कडी वाजवली. आपल्या वस्त्यांत ही कडी वाजवणारी माणसं आहेत. चाळ कमिटी आहे, बचत गट आहेत, कोपऱ्यावरचा किराणावाला आहे, त्याला कुठल्या घरात कोण दोन दिवस दिसलं नाही ते ठाऊक असतं. सातव्या मजल्यावर बंद पडलेल्या लिफ्टजवळ, अनोळखी दारांमध्ये टाकलेल्या म्हातारीला हे कुणी पुरवू शकत नाही. म्हणून हलवायचं तर गल्लीच्या गल्ली एकत्र आणि कामाच्या ठिकाणापासून जवळ. नाहीतर तिथंच डोंगराला संरक्षक भिंत बांधा, पाण्याला वाट द्या.

पैशाचं काय? मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, आणि त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपून प्रशासकाचा कारभार सुरू झाला. आराखडा आला तेव्हा गल्लीनं जाब विचारावा असा निवडून दिलेला माणूस पालिकेत उरला नव्हता, याचं मला अतोनात वाईट वाटलं. पुढं जून २०२४ मध्ये पालिकेनं हवामानाचा वेगळा अर्थसंकल्पीय अहवाल काढला. असं करणारी शहरं जगात मोजकीच आहेत आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. त्यात हवामानाशी निगडित म्हणून दहा हजार कोटींहून अधिक रक्कम दाखवली होती. मोठा वाटा पाणी, मलनिस्सारण, पर्जन्यवाहिन्या यांचा. त्या खर्चावर माझा आक्षेप नाही. मी विचारतो ते एवढंच की या दहा हजार कोटींतून पत्र्यावर किती गेले?

पत्र्यावर काय करता येतं ते अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टनं दाखवलंय. छपराला ऊन परतवणारा पांढरा रंग, आणि हे काम वस्तीतल्याच बायकांच्या हातानं. घर काही अंशांनी थंड होतं, आणि तेवढ्या अंशांत झोप लागणं आणि न लागणं एवढं अंतर असतं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच केलं. मुंबईत अडचणी आहेत, मला माहीत आहेत. पावसाळ्यात पत्र्यांवर ताडपत्री येते, रंग मळतो, दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. मग द्या. नालेसफाई दरवर्षी करतोच ना आपण?

बुडालेल्या रोजाचंही काही करता येतं. ‘सेवा’ संघटनेनं आपल्या सभासद बायकांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. तापमान ठरलेल्या मर्यादेवर ठरलेले दिवस राहिलं की रक्कम थेट खात्यात येते. अर्ज नाही, पंचनामा नाही, दाखला नाही. २०२४च्या उन्हाळ्यात हजारो बायकांना असे पैसे मिळाले. रक्कम लहान आहे. पण एक दुपार घरी थांबायला ती पुरते, आणि उष्णतेत कधीकधी एक दुपारच निर्णायक असते. केंद्राच्या आपत्ती निधीच्या यादीत थंडीची लाट होती आणि उष्णतेची लाट वर्षानुवर्षं बाहेर राहिली, तेव्हा या बायकांनी आपली सोय आपण केली. हे कौतुकास्पद आहे, पण पुन्हा खर्च त्यांच्याच अंगावर पडला, हे विसरून चालणार नाही.

गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व विभागापासून सुरुवात करावी असं मी सुचवतो. २००९च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा विभाग सगळ्यात तळाला होता, आणि देवनारची कचराभूमीही तिथंच आहे. फेब्रुवारीत प्रत्येक गल्लीची यादी करावी. एकटी राहणारी म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गरोदर बायका, डायलिसिसवरचे रुग्ण, घरी बसून नगावर काम करणाऱ्या. यादी आरोग्य सेविकेनं आणि बचत गटानं मिळून करावी, दोघांना त्याचे पैसे द्यावेत आणि त्यात पात्र-अपात्र असा रकाना ठेवू नये. मार्च संपायच्या आत त्या घरांच्या छपरांना रंग लागावा. घरमालकाची लेखी संमती मागत बसू नये, कारण ती मागितली की भाडेकरूचं छप्पर यादीतून गळणार हे नक्की. शाळांचे वर्ग दुपारी उघडे ठेवून पंखे आणि पाण्याची सोय करावी, मग जिन्यात बसणारी मुलं तिथं बसतील. रस्ते विभागानं जुना थर खरवडल्याशिवाय गल्लीत नवं काँक्रीट टाकू नये. आणि जिथं जोतं आधीच वर आलंय, तिथं १४ फुटांचं माप गल्लीच्या आजच्या पातळीपासून धरावं. पालिका हा बदल एका परिपत्रकानं करू शकते. त्याचा मसुदा आम्ही तयार केला आहे. सभा संपल्यावर तो दारापाशी ठेवलेला असेल. वाचून, दुरुस्त्या सुचवून, सही करून द्यावी ही विनंती.